एक बर्गर बटाट्याचा

सायखेडा
२४ एप्रिल २०२५

चि. वैष्णवी,

आशीर्वाद आधी घे, चौकशा मागून.

रविवारी तुमच्या पार्टीहून आम्ही सुखरूप पोचलो. बसमध्ये जागा मिळाली, पण चांदोरीपर्यंत एक बाई माझ्या मांडीवर पिशवी टेकवून बसली होती आणि मला काहीतरी मोठी हकीकत सांगत होती. मी मान हलवत राहिले. कान गेल्यापासून मान हलवण्यात मी पटाईत झाले आहे. लोकांना वाटतं आत्याला सगळं पटतं.

तू म्हणतेस, आत्या, या दिवसांत पत्र कोण लिहितं? अगं, फोन कानाला लावला की नुसती शिट्टी वाजते. समोर बसून बोलायचं तर तुम्हाला ओरडावं लागतं. माझ्या कानात गुपित सांगायचं म्हणजे गावात दवंडी पिटायची. त्यापेक्षा कागद बरा, तो हळू बोलतो.

हर्षलराव सुपरवायझर झाले, फार बरं वाटलं. इतकी वर्षं सातपूरच्या कारखान्यात मशीनपुढे उभं राहून पोटऱ्या दुखायच्या त्यांच्या, आता खुर्ची मिळेल. तुझा बेतही झकास झाला. ते फुगलेले बर्गर घरी करता येतात हे मला माहीत नव्हतं, मला वाटायचं ते मॉलमध्येच उगवतात. माझ्यासाठी तू आठवणीनं बटाट्याचा वेगळा केलास, तो मी पोटभर खाल्ला. चावला की आतलं चीज तारेसारखं लांबत येत होतं, त्याची मजा वाटली.

आमच्या यांनी मटणाचे दोन खाल्ले. बसमध्ये माझ्याकडे बघून सारखे हसत होते, कशाला ते कळलं नाही. मी आपली मान हलवली. नंतर जरा ओशाळल्यासारखे झाले. तुला ठाऊकच आहे आमचं. चार वर्षांपूर्वी यांनी पिऊन मोटरसायकल नाल्यात घातली, तेव्हा मागे मी बसले होते. यांना खरचटलं आणि माझे कान गेले. त्यानंतर वणीच्या गडावर मी यांना म्हटलं, एकट्यानं सोडणं जड जातं, तुम्ही बाटली सोडा, मी मटण सोडते. तुमची जीभ वळवळली की माझ्याकडे बघा, माझी वळवळली की मी तुमच्याकडे बघीन. देवी नुसती साक्षीला. तिला स्वतःला बोकड चालतो, ती माझ्या मटणावर कशाला लक्ष ठेवील? हा सौदा आम्हा नवराबायकोचा. तेव्हापासून यांनी थेंब घेतला नाही आणि मी फोड खाल्ली नाही.

एक विचारायचं होतं. ते मटण कुठल्या दुकानातलं? बोकडाचंच होतं ना? की तू त्यात दुसरं काही मिसळलं होतंस? हल्ली खिम्यात काय काय घालतात म्हणे. सहज विचारते. मला काय करायचंय, मी तर बटाट्याचा खाल्ला.

उत्तर लवकर टाक. हल्ली जेवण जात नाही, ऊन बाधलं असावं.

तुझी
मान हलवणारी कुसाआत्या


अशोकनगर, सातपूर, नाशिक
३० एप्रिल २०२५

आत्या,

पाया पडायला तू समोर नाहीस म्हणून कागदावरच डोकं टेकवते.

तुझं पत्र हर्षलला वाचून दाखवलं. मॉलमध्ये उगवतात, हे ऐकून तो इतका हसला की चहा सांडला. खुर्ची मिळाली आहे त्याला, पण बसायची सवय नाही. दिवसभर उभाच असतो आणि खुर्चीवर डबा ठेवतो.

मटणाचं विचारलंस. अगं, बोकडाचंच, अस्सल. इथल्या मार्केटातल्या दुकानात हर्षल शनिवारी स्वतः उभा राहिला आणि समोर मांडीचा खिमा काढून घेतला. आता कृतीही ऐक. मी मोबाइलवर एका परदेशी बाईचा व्हिडिओ बघितला होता. ती घेते बीफ. आपल्याकडे त्याचा प्रश्नच नाही, म्हणून मी मटणाचा बेत धरला. खिम्यात भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, आपला काळा मसाला, आलं-लसूण. त्याच्या दोन चकत्या थापायच्या. एकीवर चीज आणि परतलेली सिमला मिरची ठेवायची, दुसरी वरून झाकायची आणि कडा करंजीसारख्या दाबून बंद करायच्या. मग तव्यावर थोड्या तेलात दोन्ही बाजूंनी खरपूस. आतल्या भरणीमुळे ते तसे फुगीर दिसतात. तुझ्या बटाट्याच्यात मात्र मी चीज घातलं नव्हतं, तुला त्याचा वास सोसत नाही म्हणून. पावात घातलेला साधा वडाच होता तो.

आमच्या हर्षालीताईंनी तीन खाल्ले. माझ्या हातच्या पाण्यालाही नाक मुरडणारी ही नणंद, जाताना म्हणाली, वहिनी, असा खिमा मी आमच्या सिडकोत कुठे खाल्ला नाही. त्यांच्या तोंडून असं ऐकायला मिळणं म्हणजे कपिलाषष्ठीचा योग. दोन दिवस मी घरात गुणगुणत होते.

मामांनी दोन खाल्ले, त्यांना पुन्हा खावेसे वाटत असणार आणि तू करून घालणार असशील, म्हणून तू दुकान विचारतेस हे मी बरोबर ओळखलं. बेलाशक कर. खिमा फक्त ताजा घे, आणि कडा नीट दाब, नाहीतर चीज तव्यावर पळतं.

जेवत जा. उन्हात गोदेच्या घाटावर धुणं घेऊन जाऊ नकोस.

तुझी
वैष्णवी


सायखेडा
१४ मे २०२५

वैष्णवी,

तुझं पत्र केव्हाच आलं. उत्तर लिहायला हात धजावला नाही.

बटाट्याच्यात चीज नव्हतं असं तूच लिहिलंस, तरी तुझ्या लक्षात आलं नाही. वकील झाली असतीस तर उपाशी मेली असतीस. मी मटणाचा खाल्ला, वैष्णवी.

बटाट्याचा खाल्ला तो सगळ्यांसमोर. मग तुम्ही फोटो काढायला गच्चीवर गेलात. मी हात धुवायला स्वयंपाकघरात आले, तर ओट्यावर ताटलीखाली एक उरलेला दिसला. काळ्या मसाल्याचा आणि करपलेल्या कांद्याचा वास येत होता. दर रविवारी मी यांच्यासाठी मटण शिजवते, वास सोसायची सवय आहे मला. पण त्या दिवशी मन कसं घसरलं ते समजलं नाही. फ्रिजकडे तोंड करून, उभ्याउभ्या, चोरासारखा खाल्ला. आणि खोटं कशाला बोलू, फार आवडला.

तेवढ्यात मागे कुणी आल्यासारखं वाटलं. चाहूल मला कानांनी लागत नाही, दारातला उजेड कमी झाला त्यावरून कळलं. फ्रिजच्या चकचकीत दारात यांचा पांढरा सदरा दिसला. काही बोलले असतील, पाणी मागितलं असेल. मी वळलेच नाही. तोंडात घास होता. बहिऱ्या बाईनं ओ दिली नाही म्हणून कुणी रागावत नाही. मी माझ्या बहिरेपणाआड लपले. थोड्या वेळानं ते निघून गेले. खाल्ल्यापेक्षा हे लपणं मला जास्त टोचतं.

मग मनाशी एक आशा धरली. घास जरा मऊ लागला होता, मटणाचा चिवटपणा नव्हता. वाटलं, पोरीनं दुसरंच काहीतरी घातलं असेल. म्हणून तुला दुकान विचारलं. तू मांडीसुद्धा सांगितलीस. मग धरायला काही उरलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच संध्याकाळी मी यांना सांगितलं. मला बोलायला काय, मी हळूच बोलू शकते. त्यांनी सगळं ऐकलं. त्यांचे ओठ हलतील म्हणून मी बघत राहिले, पण हलले नाहीत. चपला घातल्या आणि गेले. तेव्हापासून रोज दिवेलागणीला बाहेर पडतात आणि माझं जेवण झाल्यावर येतात. शेजारी ताट घेत नाहीत. तोंडाला बडीशेपेचा वास असतो. पूर्वी प्यायचे तेव्हाही अशीच मूठभर बडीशेप चावून यायचे. तो वास मी विसरलेले नाही.

कुलूप मीच उघडलं. आता त्यांनी काय म्हणून बंद ठेवायचं? बाटली परत घरात आली तर ती माझ्या हातानं आली.

तुला बोल नाही हं. तू तर माझ्यासाठी वेगळा केला होतास.

आत्या


अशोकनगर
१९ मे २०२५

आत्या,

तुला बोल नाही, हे तुझं वाक्य मला पुन्हा वाचवेना. बोल मलाच आहे.

ते मटण नव्हतं. सोयाबीन होतं.

हर्षलनं शनिवारी खिमा आणला हे खरं. पाहुणे येणार म्हणून मी फ्रिज बंद करून पुसला, खिमा आत ठेवला आणि बटण दाबायचं विसरले. एप्रिलचं ऊन. रविवारी सकाळी दार उघडलं तर नाकाला पदर लावावा लागला. हर्षल तुम्हाला आणायला निमाणी स्टँडवर गेला होता. तो यायच्या आत सगळा खिमा मी घंटागाडीत टाकला. पुन्हा दुकानात जायचं तर रविवारची ती रांग, आणि त्याला सांगावं लागलं असतं. घरात सोयाबीनच्या चुऱ्याची पाकिटं होती, त्याच्या डब्यासाठी आणलेली. चुरा कोमट पाण्यात भिजवला, फडक्यात घालून घट्ट पिळला, तुझ्यासाठी उकडलेल्या बटाट्यांतले दोन आणि भाजलेलं डाळीचं पीठ बांधणीला घातलं. कांदा मुद्दाम करपू दिला. मसाला सढळ हातानं. पहिला तळून मीच खाल्ला आणि मलाच शंका आली की हे मटण तर नाही ना.

सांगून टाकणार होते गं. पण हर्षालीताई उंबऱ्यातूनच म्हणाल्या, वहिनी, सोयाबीन नाही ना घातलं, ते आमच्याकडे कोंबड्यांना घालतात. सगळे हसले. मीही हसले आणि म्हणाले, छे, अस्सल बोकड. एकदा तोंडातून गेलं ते गेलं. तुला तरी सांगावं असं वाटत होतं, पण तुझ्या कानात सांगितलेलं गच्चीपर्यंत गेलं असतं.

आता यातली सगळ्यात वाईट गोष्ट सांगते. सोयाचा तुला चालला असता. सगळ्यांत बसून तू तो हक्कानं खाल्ला असतास. पण तुझ्या ताटात तो वाढला असता तर सगळ्यांनी विचारलं असतं, आत्यानं मटण कसं घेतलं? माझं खोटं टिकावं म्हणून मी तुला बटाट्याचा दिला. तू त्याला आठवणीनं केलेला म्हणतेस.

एवढ्यावरही भागलं नाही. तू पत्रात सरळ विचारलंस. घरात कुणी नव्हतं, समोर कागद होता, आणि कागद हळू बोलतो हे तूच लिहिलं होतंस. तरी मी बोकड लिहिला, दुकान लिहिलं, मांडी लिहिली. नणंदेची शाबासकी मला सोडवत नव्हती. तू आशेनं विचारत होतीस आणि मला वाटलं तू कृती मागतेस. मला माझी लाज वाटते, आत्या. तव्यावर चकती टाकली की तू फ्रिजकडे तोंड करून उभी असलेली दिसतेस.

तू काहीही मोडलेलं नाहीस. हे पत्र मामांना दाखव, नाहीतर मी रविवारी येते आणि त्यांच्या पाया पडून सांगते.

वैष्णवी


सायखेडा
२६ मे २०२५

वैष्णवी,

पत्र वाचून आधी हसू आलं. आपल्याच शेतातलं सोयाबीन, दर साली पोती भरून बाजारात धाडायचं, कधी जिभेवर ठेवलं नाही, आणि त्यानं मला चोर केलं. मग तुझा राग आला. आला तो आला, लपवत नाही. एवढ्या विश्वासानं विचारलं होतं तुला. तुझं पत्र पिठाच्या डब्यामागे टाकून दिलं आणि काही दिवस तिकडे बघितलं नाही. आता राग उतरला आहे म्हणून लिहायला बसले.

पण मी काही मोडलं नाही, हे मला पटत नाही. मी तो उचलला तेव्हा मटण म्हणून उचलला. चावला तो मटण म्हणून. आवडला तोही मटण म्हणूनच. पाकिटात काय होतं ते तुला ठाऊक, माझ्या मनात काय होतं ते मला ठाऊक. चोरानं रात्रभर खपून तिजोरी फोडली आणि आत काहीच निघालं नाही, म्हणून तो साव होतो का?

यांना मी पत्र दाखवलं नाही आणि दाखवणारही नाही. दाखवलं की म्हणतील, मग काही झालंच नाही. आणि झालं तर आहे. मला फुकटचं निर्दोष व्हायचं नाही. तू येऊही नकोस. आलीस की मला समजवायला ओरडशील, आणि आमच्या गल्लीला बसल्या जागी करमणूक.

ते अजून रोज जातात. काल धुवायला टाकलेल्या सदऱ्याचा वास घेऊन बघितला. बडीशेपच आली. दारूचा वास आला नाही, पण ज्या नाकाला मटण आणि सोयाबीन ओळखता आलं नाही त्याचा काय भरवसा? सरळ विचारायला हवं, तुम्ही परत घेता का? पूर्वी मी विचारत होते, डोळ्याला डोळा भिडवून. तो हक्क मी तुझ्या ओट्यावर ठेवून आले.

ताट वाढते, झाकून ठेवते. ते येऊन एकटे जेवतात. मी पाठ करून पडून राहते. बहिरी असल्याचा एवढा एक फायदा, माणूस एकटा जेवतोय हे ऐकू येत नाही.

तू मात्र वेळेवर जेव. तुझ्यावर आता राग नाही. खोटं बोलण्यात आपण दोघी सारख्याच निघालो, घराण्याचा गुण म्हणायचा.

आत्या


अशोकनगर
३१ मे २०२५

पुंजाराम मामा,

तुम्हाला मी कधी पत्र लिहिलं नाही. हे आत्याला न विचारता लिहिते आहे. तिला कळलं तर ती माझ्याशी बोलणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

हर्षलच्या पार्टीला मी जे बर्गर मटणाचे म्हणून वाढले ते सोयाबीनचे होते. तुम्ही खाल्लेले दोनसुद्धा. खिमा माझ्या हातून खराब झाला, आणि सगळ्यांसमोर खरं सांगायची मला लाज वाटली. आत्यानं नंतर पत्रातून विचारलं, तेव्हाही मी खोटं लिहिलं. ते वाचून तिनं तुम्हाला सांगितलं. तिला वाटलं तिनं तुमचा करार मोडला. आता खरं सांगितलं तरी ती ऐकत नाही. म्हणते, मी तर मटण म्हणूनच खाल्लं. तुम्हाला हे सांगायचीही तिनं मनाई केली आहे.

रागवायचं तर माझ्यावर रागवा. इथं येऊन चार माणसांत रागवा, मी खाली मान घालून ऐकून घेईन. पण तिच्या शेजारी ताट घ्या. आणि एक विचारते, लहान तोंडी मोठा घास आहे. तुम्ही रोज संध्याकाळी कुठे जाता? माझ्या एका खोट्यापायी तुमचं सुटलेलं पुन्हा लागलं असेल तर ते मला जन्मभर पुरेल.

तुमची
वैष्णवी


सायखेडा
९ जून २०२५

वैष्णवी पोरी,

शाळा सुटल्यापासून पत्र लिहिलेलं नाही. अक्षर लावून घे.

मी पीत नाही. हे आधी लिहितो, बाकीचं मागून.

त्या दिवशी मी पाणी मागायला आत आलो. तुझी आत्या फ्रिजकडे तोंड करून खात होती. मागून कानशिलं हलताना दिसली. कशाचा घास ते वासावरून कळलं, म्हणजे तेव्हा तसं वाटलं. मला राग आला नाही. उलट बरं वाटलं. इतक्या वर्षांत तिला असं चवीनं काही खाताना बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "खा गं, सावकाश खा. मी हाय दाराशी." आणि दारात उभा राहिलो. तुझी नणंद ताटं ठेवायला येत होती. तिला म्हटलं, चला, गच्चीवरून मला कारखाना दाखवा, आणि वर घेऊन गेलो.

मला वाटलं तुझ्या आत्यानं ऐकलं. बसमध्ये तिच्याकडे बघून हसलो, तर तिनं मान हलवली. मी समजून चाललो की आमचं दोघांचं ठरलं, यावर बोलायचं नाही. ती बहिरी आहे हेच त्या वेळी विसरलो. जिचे कान मी घालवले, तिच्या पाठीशी मी हळू बोललो.

मग तुझं पत्र आलं आणि ती मला सांगायला बसली. तेव्हा समजलं, तिनं ऐकलंच नव्हतं. इतके दिवस ती माझ्या धाकानं जेवत नव्हती. मला वाटायचं आम्ही दोघांनी सारखं सोडलं. पण मी सोडलं ते विष आणि तिनं सोडला तो घास. वर तिच्याच हातचं मटण मी दर रविवारी तिच्यासमोर मिटक्या मारत खाल्लं. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. कबूल ती करत होती आणि लाज मला वाटत होती. तिच्याकडे बघवेना म्हणून चपला घातल्या.

रोज जायचो ते या लाजेनं. पाय गुत्त्याच्या रस्त्याला लागायचे, खोटं कशाला लिहू. जीभ लय वळवळायची. मग घाटावर भारत चहावाल्याच्या टपरीवर बसायचो आणि बडीशेप चावायचो, तो उठवेपर्यंत. जीभ वळवळली की तुझ्या आत्याकडे बघायचं असं ठरलं होतं. पण बघायला मला तोंड नव्हतं.

तुझं मला आलेलं पत्र भारतच्या टपरीवरच वाचलं. जन्मभर सोयाबीन पेरलं आणि मटण म्हणून दोन खाल्ले, तरी ओळखलं नाही. भारतला सांगितलं तर तो म्हणाला, तुम्ही आता पेरूच नका.

तुझ्या आत्याला सांगायचं होतं, पण ही ओरडून सांगायची गोष्ट नव्हती. तुझ्याच पत्राच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं, त्या दिवशी दारात उभं राहून मी काय म्हणालो ते, तेवढंच, आणि तिच्या ताटाशेजारी ठेवलं. तिनं वाचलं. कागद उलटून तुझंही वाचलं. मला वाटलं आता तुझ्यावर भडकते. पण ती माझ्याकडे वळून बसली.

"परत म्हणा," म्हणाली.

मी ओरडून म्हणालो. शेजारची शकुबाई दारात येऊन उभी राहिली.

"तसं नाय. तवा म्हणला तसं. हळू."

मी हळू म्हणालो. ती माझ्या ओठांकडे बघत राहिली. डोळे पुसले आणि माझं ताट वाढलं, तिच्या शेजारी. मग विचारलं तिनं, पूर्वीसारखं डोळ्यात बघून, घेता का म्हणून. मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली, पण या वेळी ऐकून हलवली.

मी म्हटलं, आजपासून मटण खात जा, मी मोकळं केलं तुला. तर ऐकत नाही. म्हणते, तुमची जीभ अजून वळवळते, मग माझा करार कसा सुटेल? मग मीच म्हटलं, तू खात नाहीस तोवर घरात शिजवायचंही नाही. त्यावर बरंच भांडलो. शेवटी तुझ्या त्या सोयाबीनच्या बर्गरवर तोड निघाली. तो खाईन म्हणते, कशाचा आहे हे ठाऊक असून, सगळ्यांत बसून.

येत्या रविवारी आम्ही येतो. पेरणीच्या पोत्यातलं सोयाबीन काढून ठेवलं आहे, तुझं पाकीट नको. त्याचा चुरा कसा करतात ते तू बघ. नणंदेलाही बोलाव. बटाट्याचा वेगळा करू नको. आणि पोरी, ताट वाढशील तेव्हा तुझ्या आत्याच्या कानाशी ओरडून सांग, कशाचा हाय ते. साऱ्या अशोकनगरला ऐकू गेलं तरी चालंल.

तुझा मामा
पुंजाराम